कुणी काय केलं

बाळ रडलं की बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांसाठी बाळंतपण संपतं. आतल्या आम्हा माणसांची धाकधूक तिथून सुरू होते. वार पडायची असते, गर्भपिशवी आवळायची असते. दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीतून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त फिरत असतं. वार सुटली की पिशवीचे स्नायू आवळतात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबून धरतात. ते नाही आवळले तर रक्त वाहतच राहतं. अंगात सगळं मिळून रक्त पाच-सहा लिटर. पुढचा हिशेब कुणालाही करता येईल.

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात मी परिसेविका आहे. कागदावर परिसेविका, बोलण्यात इनचार्ज सिस्टर. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची अकरा इनचार्ज म्हणून. रात्री डॉक्टर येईपर्यंतची पहिली पाच-सात मिनिटं लेबर रूम माझ्या शब्दावर चालते. त्या मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे. मन शांत ठेवण्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. ते मला कसं जमू लागलं हे मात्र फार उशिरा कळलं.

इनचार्ज झाले त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. पहाटेची वेळ होती. दुसरं बाळंतपण, सगळं सुरळीत झालेलं. मी शेजारच्या टेबलाकडे वळले होते. परत पाहिलं तर टेबलाखालच्या बादलीत रक्त. पोटाला हात लावला, पिशवी कणकेसारखी मऊ. माझा आवाज चढला. नव्यानेच लागलेली एक सिस्टर माझ्यासोबत होती. तिला मी काय काय बोलले ते आज आठवलं तरी मान खाली जाते. "ऑक्सिटोसिन आण, उभी काय राहिलीस!" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. ऑक्सिटोसिन म्हणजे पिशवी आवळायला लावणारं इंजेक्शन. आमच्याकडे पाच युनिटची काचेची ॲम्प्यूल मिळते, दहा युनिटला दोन फोडाव्या लागतात. तिचे हात थरथरत होते. दुसरी ॲम्प्यूल हातातच चुरली, बोट कापलं, ती पुन्हा फ्रिजकडे धावली. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि आमचा फ्रिज तेव्हा स्टोअरच्या खोलीत होता. गेलेला वेळ फार तर मिनिटभराचा असेल. बाई वाचली. डॉक्टर आले, त्यांनी पुढचं सांभाळलं, सकाळी नवऱ्याने सगळ्यांना चहा पाजला.

दोन दिवसांनी चहा घेताना मी त्या मुलीला विचारलं, "तुला आधी काही जाणवलं होतं का गं?"

ती म्हणाली, "हो ताई. पॅड दुसऱ्यांदा भिजलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कपात पाहिलं. "तुम्ही चिडाल असं वाटलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ॲम्प्यूल फुटली त्याचं मी स्वतःला माफ केलं असतं. पण एका मुलीला रक्त दिसत होतं, आणि माझ्या भीतीने ती गप्प राहिली! लेबर रूममध्ये सगळ्यात महाग वस्तू कुठली, तर वेळेवर उच्चारलेलं एक वाक्य. ते मी माझ्या स्वभावाने अडवलं होतं.

ताणाखाली माणसाच्या डोक्याचं काय होतं याबद्दल पुढे एका प्रशिक्षणात ऐकलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एमी आर्न्स्टेन नावाच्या शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं काम याच विषयावरचं. आपल्या आवाक्यात काही उरलं नाही असं वाटू लागलं की कपाळामागचा मेंदूचा भाग, जो विचार करतो, क्रम लावतो, स्वतःला आवरतो, तो मागे पडतो आणि जुन्या, झटपट प्रतिक्रिया देणाऱ्या भागांचं राज्य सुरू होतं. ऐकताना मला ती पहाट दिसत होती. माझा तो भाग मागे पडला होता, आणि ओरडून मी त्या मुलीचाही मागे पाडला होता. एका टेबलाभोवती दोन माणसं होती आणि विचार करणारं कुणीच नव्हतं.

पण कारण कळलं म्हणून स्वभाव बदलत नाही. बदल सुरू झाला तो खंडेनवमीला.

आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते. अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला झेंडूची माळ, ट्रॉलीला हळद-कुंकू, बीपीच्या यंत्राला फूल. हे सगळं आमच्या वॉर्डातल्या मावशी करायच्या. आता त्या निवृत्त झाल्या. त्या वर्षी मी बाजूला उभी राहून पाहत होते. मावशी प्रत्येक वस्तूला हात लावून कपाळाला लावत होत्या आणि पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं काहीतरी म्हणत असतील. जवळ गेले तर सक्शनच्या मशीनशी बोलत होत्या: "श्रावणात त्या काळ्यानिळ्या पोराच्या वेळी तू बंद नाही पडलीस." पुढे सिलिंडरपाशी. पुढे डिलिव्हरीच्या टेबलापाशी. प्रत्येक वस्तूने वर्षभरात काय केलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढंच त्या त्या वस्तूला सांगत होत्या.

मी तिथल्या एकाही माणसाला वर्षभरात असं काही सांगितलं नव्हतं.

कृतज्ञ हा शब्द आपण इतका भाषणात वापरतो की त्याची फोड करायची राहून जाते. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. मनात ऊब दाटून येणं, डोळे भरून येणं हे त्या शब्दात कुठेच नाही. आपल्या बोलीतही उपकाराची 'जाण' असं म्हणतात. जाण म्हणजे माहिती. कुणी काय केलं याची माहिती. मावशींना ती होती. मला नव्हती, कारण मी तिकडे पाहिलंच नव्हतं. माझी नजर कायम काय राहिलं, कुणी चुकवलं, कुठलं रजिस्टर अपुरं आहे यावर. इनचार्जचं तेही काम आहेच. पण फक्त तेवढंच पाहत राहिलं की हळूहळू असं वाटायला लागतं की या वॉर्डात काम करणारी मी एकटीच आहे.

खंडेनवमीनंतर मी एक वही केली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. ड्युटी संपताना, हँडओव्हर देऊन झाला की, त्यात त्या पाळीत कुणी काय केलं ते लिहायचं. नियम एकच ठेवला, विशेषण लिहायचं नाही. 'छान काम केलं', 'मदत केली' असं नाही. नाव आणि क्रियापद. नावं इथे देत नाही, पण नोंदी अशा: रात्री दीड वाजता वॉर्डबॉय मामांनी ऑक्सिजनचा सिलिंडर न सांगता बदलला. लॅबच्या दादांनी जेवण अर्धं टाकून रक्तगट तपासला. गावातली आशा कार्यकर्ती पेशंटसोबत रात्रभर थांबली, तिच्या स्वतःच्या मुलाला ताप होता. मावशींनी बाळाची टोपी कोरडी नव्हती म्हणून पदराने डोकं झाकलं.

पहिले काही आठवडे जड गेलं. काही पाळ्यांत दोन ओळीही सुचेनात. मग लक्षात आलं, सुचत नाही कारण दिवसभर पाहिलेलं नाही. संध्याकाळी लिहायचं आहे म्हणून सकाळपासून पाहायला लागले. वहीचा खरा उपयोग तो होता. लिहिणं पाच मिनिटांचं. पाहणं आठ तासांचं.

लिहिलेलं सांगायचंही ठरवलं. हे जास्त अवघड होतं. आपल्यात घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणत नाही. आईला 'आभारी आहे' म्हटलं तर तिला परकं वाटेल. आभार हे कार्यक्रमाच्या शेवटी मानायचे असतात, शाल-श्रीफळासोबत. म्हणून मी आभार मानले नाहीत. पाहिलेलं सांगितलं. "मामा, काल सिलिंडर तुम्ही आधीच बदलला होता, म्हणून बाळाला लगेच लावता आला." एवढंच. मामांनी "हां" म्हटलं आणि निघून गेले. पण त्यानंतर सिलिंडरचा काटा खाली आला की ते मला येऊन सांगू लागले.

इथे मला इस्रायलमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याने माझी समजूत थोडी दुरुस्त केली. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या ४३ चमूंवर तो झाला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. चमूंना खोट्या प्रसंगातून, म्हणजे सरावाच्या बाळावर, उपचार करायला लावले. त्याआधी काही चमूंना एका आईचे कृतज्ञतेचे शब्द ऐकवले, काहींना वरिष्ठ डॉक्टरांचे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. आईचे शब्द ऐकलेल्या चमूंचं काम सुधारलं, आणि त्यामागचं मोठं कारण असं निघालं की ती माणसं एकमेकांना जास्त माहिती सांगत होती. नुसत्या वरिष्ठ डॉक्टरांच्या कौतुकाने तसा फरक दिसला नाही. याच संशोधकांनी काही वर्षं आधी उलटंही दाखवलं होतं, की बाहेरच्या तज्ज्ञाच्या एका उर्मट शेऱ्याने चमूचं निदान आणि हाताचं काम दोन्ही ढासळतात.

वाचून आधी वाईट वाटलं. वरिष्ठाच्या शब्दाला एवढीच किंमत? मग उमगलं, ते बरोबरच आहे. मी दिलेली शाबासकी माझी असते, तीत मी वरची आणि तू खालची हे आलंच. आईचे शब्द मात्र ज्यांच्यासाठी ते काम झालं त्यांचे असतात. मग मी माझं काम बदललं. निरोप पोचवायला लागले. घरी सोडताना मी बाईला विचारते, "त्या रात्रीचं तुला काय आठवतं?" डॉक्टरांचं नाव बहुतेकींना माहीत नसतं. एक म्हणाली, "कुणीतरी माझ्या पायांवर गोधडी टाकली. फार थंडी वाजत होती." दुसरी म्हणाली, "एक आवाज सारखा सांगत होता, बाळ बरं आहे, बाळ बरं आहे." मग मी तो हात, तो आवाज शोधते आणि निरोप देते. तिने असं सांगितलंय, तुमच्यासाठी. निरोप्याचं मोठेपण काही नसतं, आणि त्यानेच बहुधा तो पोचतो.

आता त्या मिनिटांकडे येते.

काही वर्षांनी, जुलैतली रात्र. घाटात दरड आलेली, जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे जायचा रस्ता बंद. वीज गेली होती, जनरेटरवर चाललं होतं. तिसरं बाळंतपण, अंगात रक्त आधीच कमी, आणि वार पडल्यावर धार सुरू झाली. छातीत तेच धडधडणं, तळहात तसेच गार. भीती अजिबात कमी झाली नव्हती. पण आवाज चढला नाही, आणि मला स्वतःलाच ते ऐकू आलं.

नंतर पुष्कळ विचार केला की असं का झालं. मला वाटतं, भीतीच्या आत एक वाक्य असतं, 'आता सगळं माझ्यावर आहे.' धडधड शरीराची असते, पण माणूस ओरडतो तो या वाक्याने. आणि ते वाक्य खोटं आहे याचा पुरावा मी वहीत पानापानावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. अशा वेळी काय नाही याची यादी आपोआप डोक्यात येते. भूलतज्ज्ञ नाही, रस्ता नाही, तिच्या रक्तगटाची एकच पिशवी रक्त. काय आहे याची यादी मुद्दाम करावी लागते. ती करायची सवय हाताला लागली होती. मावशी आहेत. मामा आहेत. सुई टोचताना हात न थरथरणारी ती सातारची मुलगी आहे, जिला पहिल्या प्रयत्नात शीर सापडते हे मी किमान दहा वेळा लिहिलं आहे.

म्हणून मी नावाने हाक मारली. तू शीर घे, दोन्ही हातांना, मोठ्या सुया. मामा, डॉक्टरांना फोन, मग रक्तपेढीला. मावशी, वेळ बघा आणि मोठ्याने सांगत राहा. मी स्वतः पोटावरून पिशवी चोळायला घेतली. ऑक्सिटोसिन गेलं. मग रक्त थांबवायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश. हे औषध तीन तासांच्या आत द्यावं लागतं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. मावशी घड्याळाखाली उभ्या राहून आकडे म्हणत होत्या, हरिपाठ म्हणावा तशा संथ लयीत. मध्येच ती सातारची मुलगी म्हणाली, "ताई, नाडी एकशे तीस झाली." कुणीही न विचारता म्हणाली. धावपळ असूनही मला तेव्हा त्या पहिल्या मुलीचा चहाचा कप आठवला.

डॉक्टर भिजून चिंब होऊन आले. औषधांनी पिशवी पुरती आवळेना, तेव्हा त्यांनी फुगा ठेवायचं ठरवलं. हा फुगा म्हणजे रबरी कॅथेटरच्या टोकाला दोऱ्याने बांधलेला निरोध. तो पिशवीत सरकवून सलाईनने फुगवतात आणि आतून दाब देतात. विकतचा फुगा महाग, हा कुठल्याही दवाखान्यात दहा मिनिटांत तयार होतो. ही युक्ती बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांची. ढाक्यात त्यांच्यासमोर गरीब बायका रक्त जाऊन मरत होत्या आणि परदेशी साधन परवडत नव्हतं. २००३ साली त्यांनी २३ बायकांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. तेवीसही जणींचा रक्तस्राव पंधरा मिनिटांत थांबला होता. त्या आमच्या लेबर रूममध्ये कधी आल्या नाहीत, येणारही नाहीत. पण त्या रात्री त्यांचे हात तिथे होते. निळ्या वहीत त्यांचंही नाव आहे, क्रियापदासकट. नव्या सिस्टरला फुगा बांधायला शिकवताना मी आधी त्यांचं नाव सांगते, मग गाठ.

बाई वाचली. पण सगळ्या वाचत नाहीत, आणि हे न लिहिता ही गोष्ट सांगणं मला पटत नाही.

एका हिवाळ्यात एक बाई जीपमधून आली. घरी बाळंत झालेली, वाटेत किती रक्त गेलं त्याचा अंदाजही करता येत नव्हता. ओठ पांढरे. आम्ही सगळे होतो, सगळं होतं, सगळं केलं. चाळीस मिनिटांत ती गेली. बाहेर तिचा नवरा बाळाला घेऊन बसला होता. महाराष्ट्रात २०१८ ते २० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आपलं राज्य या बाबतीत पुढे आहे, त्यामागे हजारो माणसांचे कष्ट आहेत. पण बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाला मी कुठला आकडा सांगणार होते?

सकाळी वही समोर घेतली आणि बंद केली. त्या पानावर काही लिहिणं मला तिचा अपमान वाटला. हात धुतले, पुन्हा बसले. मग आठवलं, नातेवाइकांना आत बोलवायच्या आधी मावशींनी कंगवा मागून घेतला होता. मी लिहिलं: मावशींनी तिचे केस विंचरले. वेणी घातली. त्या पानावर तेवढंच आहे.

एका गोष्टीची मात्र मला चीड आहे, तीही लिहिते. कृतज्ञतेचा उपयोग माणसाला गप्प बसवायला करतात. 'तुम्ही देवदूत आहात' म्हणायचं आणि रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायच्या. २२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते आणि रडले. ते रडणं खरं होतं, लोकांचं प्रेमही खरं होतं. त्याच आठवड्यात मी मास्कसाठी तिसरं पत्र लिहीत होते. जाण असलेल्या माणसाने तर जास्त मागितलं पाहिजे, कारण त्याला माहीत असतं की कुणाच्या पाठीवर किती ओझं आहे. वही चाळताना एकदा दिसलं की एकाच सिस्टरचं नाव महिनाभर सलग दोन-दोन पाळ्यांत येतंय. मी नोंदी तारखांसकट उतरवून अर्जाला जोडल्या. चार महिने लागले, पण एक जागा भरली गेली. ती सिस्टर आता आठवड्यातून एक दिवस मुलीला शाळेत सोडायला जाते.

जुलैतल्या त्या रात्रीची बाई सव्वा महिन्यानंतर तपासणीला आली. मुलगी झाली म्हणून नवऱ्याने बर्फी आणली होती. त्याने डॉक्टरांना दिली, मला दिली, सिस्टर आणि मावशींना दिली. उरलेला पुडा मी मागून घेतला. मामांना दिली, रक्तपेढीच्या माणसासाठी एका ॲम्ब्युलन्सवाल्या दादांकडे पाठवली, आणि मागच्या अंगणातल्या धुलाईच्या खोलीत गेले. तिथले काका वीस वर्षं आमच्या चादरी धुतात. त्या आठवडाभर पावसाने ऊन नव्हतं. त्यांनी घरून शेगडी आणून खोलीत दोऱ्या बांधून कपडे वाळवले होते. त्या रात्री आम्ही अकरा चादरी वापरल्या, अकराही कोरड्या होत्या.

काका म्हणाले, "मला कशाला सिस्टर? मी काय केलं?"

मी त्यांना अकरा चादरींचं सांगितलं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. हात पुसले, बर्फीचा तुकडा कागदात बांधून वरच्या खिशात ठेवला. मग विचारलं, "तिला थंडी नाही ना वाजली?"